मेलबर्नमध्ये वृद्धसेवा केंद्रात राहणाऱ्या माझ्या ४७ वर्षांच्या भावाला तिथून बाहेर पडता येईल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: तुमचे धाकटे बंधू ऑस्ट्रेलियाचे नागरिक आहेत, २०२१ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जवळजवळ गेले, रुग्णालयातून त्यांना मेलबर्नच्या एका वृद्धसेवा केंद्रात हलवले आणि ते अजून तिथेच आहेत. भावजय नोकरी आणि दोन मुले सांभाळतात, तुम्ही साताऱ्याला आईवडिलांजवळ असता, आणि त्यांना तिथून बाहेर काढता येईल का, की सरळ साताऱ्याला आणावे, असे तुम्ही विचारले आहे. मी मेलबर्नमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार किंवा इजेनंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी मदत करणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते आणि अशा केंद्रांतून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुण व मध्यमवयीन माणसांबरोबर माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यांना बाहेर पडता येते. त्यासाठी कायद्याचा आधार आहे आणि पैशांची सोयही आहे, मात्र या कामाला बरेच महिने, कधी वर्षभरसुद्धा लागते, हे आधीच मनाशी धरून ठेवावे.

आईवडिलांना समजावताना एका शब्दाची अडचण येईल. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते, आणि वृद्धाश्रम म्हटले की मुलांनी टाकून दिलेले आईबाप. तुमचे बंधू जिथे आहेत ते या दोन्हींपेक्षा वेगळे ठिकाण आहे. तिथे परिचारिका असतात, औषधे वेळेवर मिळतात, स्वच्छता असते. परंतु तिथली बहुतेक माणसे ऐंशीच्या पुढची असतात, अनेकांना स्मृतिभ्रंश असतो, आणि सगळा दिनक्रम त्यांच्या गरजांप्रमाणे आखलेला असतो. संध्याकाळी पाचला जेवण आणि सातला अंथरूण हे नव्वदीच्या आजींना सोयीचे असू शकते. शाळकरी मुलांच्या बापाला त्यामुळे मुलांबरोबर एक संध्याकाळही घालवता येत नाही, आणि शेजारच्या खोल्यांतली माणसे वर्षभरात एकामागून एक जाताना पाहणे हा त्याच्या आयुष्याचा नेहमीचा भाग होऊन बसतो.

ते तिथे पोहोचले यात तुमच्या भावजयींचा दोष नाही. रुग्णालयाला खाट मोकळी हवी असते, घर व्हीलचेअरला योग्य नसते, अपंगत्वाच्या योजनेतून रात्रंदिवसाची मदत मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात चोवीस तास शुश्रूषा मिळणारी एकच जागा रिकामी असते. ऑस्ट्रेलियात हे अनेक दशके चालत आले. सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीने २००५ मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले; २००६ मध्ये केंद्र सरकार आणि राज्यांनी मिळून २४.४ कोटी डॉलरांचा पाच वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात ५० पेक्षा कमी वयाच्यांना प्राधान्य दिले. तरीही पुढच्या दशकात अशा केंद्रांतल्या ६५ पेक्षा कमी वयाच्या रहिवाशांची संख्या सहा हजारांच्या आसपासच राहिली. वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे उच्चाधिकार चौकशी आयोगाने, ऑक्टोबर २०१९ मध्ये दिलेल्या अंतरिम अहवालाचे शीर्षकच ‘दुर्लक्ष’ या अर्थाचे होते, आणि ज्या तीन गोष्टींवर ताबडतोब कृती हवी असे त्यात म्हटले होते, त्यांपैकी एक म्हणजे तरुण दिव्यांगांचा या केंद्रांकडे जाणारा ओघ थांबवणे. त्यानंतर सरकारने तारखा जाहीर केल्या: १ जानेवारी २०२२ पासून ६५ पेक्षा कमी वयाच्या कुणाचा नवा प्रवेश नको, त्याच दिवसापर्यंत ४५ पेक्षा कमी वयाचे कुणी तिथे राहायला नको, आणि १ जानेवारी २०२५ पर्यंत ६५ पेक्षा कमी वयाचे कुणीच नको. तुमच्या बंधूंच्या बाबतीत यांतली दुसरी आणि तिसरी, अशा दोन्ही तारखा उलटून गेल्या आहेत.

संख्या मात्र खरोखर घटली आणि आज ती दोन हजारांच्या खाली आहे. मागे राहिलेल्यांमध्ये असे पुष्कळ लोक आहेत की ज्यांच्या नोंदीत ‘बाहेर पडण्याची इच्छा नाही’ असे लिहिलेले असते. ही नोंद कधी, कोणी आणि कोणाला विचारून केली हे तुम्ही सर्वांत आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे. आजारानंतरच्या पहिल्या वर्षात थकलेल्या पत्नीने ‘सध्या नको’ म्हटलेले असते, आणि ते ‘सध्या’ कागदावर कायमचे होऊन बसते. आपण मराठीतही सहज म्हणतो, ‘त्याला तिथे ठेवले आहे’. वस्तू ठेवतात तसे ठेवलेल्या माणसाला काय हवे, हे विचारायचे राहूनच जाते.

म्हणून सुरुवात त्यांना विचारण्यापासून करावी, आणि विचारायचे ते मराठीत. मेंदूला इजा झाल्यावर पुढे शिकलेली भाषा अधिक बिघडते आणि लहानपणची थोडी तरी उरते, असे काही जणांच्या बाबतीत होते. केंद्रात त्यांच्याशी दिवसभर इंग्रजीत बोलले जाते आणि उत्तर आले नाही की ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. असे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या बहिणीने फोनवर ‘जेवलास का?’ असे विचारताच त्यांनी मान हलवून ‘नाही’ म्हटले, आणि तोवर त्या खोलीतल्या कुणालाही ते एवढे समजू शकतात याची कल्पना नव्हती. बंधूंसाठी स्पीच पॅथॉलॉजिस्टकडून, म्हणजे वाचा आणि भाषेच्या तज्ज्ञाकडून, तपासणी मागून घ्या, ती दुभाष्याच्या मदतीने व्हावी असे लेखी कळवा, आणि चित्रे व ठळक मराठी शब्द असलेली एक वही तयार करा. ती वही साताऱ्यात बसून तुम्हालाच सर्वांत चांगली करता येईल, कारण चहा, आई, अंघोळ, दुखतंय, नको हे त्यांचे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत.

पैसे येतात ते राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेतून, म्हणजे एनडीआयएसमधून. ही योजना २०१३ मध्ये काही भागांत आणि २०१६ पासून देशभर टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ६५ वर्षे पूर्ण होण्याआधी तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि लाभार्थी नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. (तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांना ती मिळत नाही, हे इतर वाचकांनी लक्षात घ्यावे.) तुमच्या बंधूंचे नाव तिच्यात असेल, तर त्यांच्या आराखड्यात, म्हणजे कोणत्या मदतीसाठी किती निधी मिळेल हे ठरवणाऱ्या कागदात, ‘मला या केंद्रातून बाहेर राहायला जायचे आहे’ हे उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे का ते पाहा. नसेल तर परिस्थिती बदलल्याचे कळवून आराखड्याचा फेरविचार मागता येतो, आणि सोबत घर व राहणीमानासंबंधीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज ज्या अहवालावर उभा राहतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट लिहितो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगते.

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एका बाईंसाठी लिहिलेल्या माझ्या सुरुवातीच्या एका अहवालात ‘सर्व दैनंदिन कामांत मदतीची गरज’ असे वाक्य होते. ते खरे होते, तरीही अर्ज नामंजूर झाला, कारण त्या वाक्यावरून किती तासांची मदत द्यायची हे कुणालाही ठरवता येत नव्हते. दुसऱ्या वेळी मी त्यांना विचारले की बाहेर गेल्यावर तुम्हाला सगळ्यांत आधी काय करायचे आहे. त्या म्हणाल्या, रात्री नऊला जेवायचे आहे. नऊला जेवायचे तर संध्याकाळची मदतनीस साडेदहापर्यंत हवी. गिळताना ठसका लागत असल्याने जेवताना तिने समोर बसायला हवे. अंथरुणावर नेण्यासाठी हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलणारे यंत्र, लागतो, म्हणून त्या अर्ध्या तासासाठी दोन माणसे हवीत. रात्री दोनदा कूस बदलावी लागते, म्हणून हाक मारताच येईल असे कुणीतरी इमारतीत हवे. हे सगळे मिनिटांत आणि तासांत लिहिले, मदत न मिळाल्यास कोणत्या वेळी काय धोका आहे तेही लिहिले, आणि तो अर्ज मंजूर झाला. तुमच्या बंधूंच्या अहवालाचा मसुदा भावजयींनी वाचावा आणि त्यात बंधूंचा एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र डोळ्यांसमोर उभी राहते का हे पाहावे.

घराच्या बाबतीत अनेक वाटा आहेत. गरज खूप मोठी असणाऱ्या मोजक्या लोकांना विशेष अपंगत्व निवासासाठी, म्हणजे एसडीएसाठी, निधी मिळतो. त्यातल्या सर्वाधिक शारीरिक मदतीच्या वर्गातल्या घरांत दरवाजे ९५० मिलिमीटर रुंद असतात, छताला हॉइस्ट बसवण्याची सोय असते, आणि वीज गेली तरी ठरावीक उपकरणे दोन तास चालतील अशी व्यवस्था असते. मला यातला सर्वांत चांगला प्रकार वाटतो तो साध्या, सर्वसामान्य इमारतीत विखुरलेल्या फ्लॅट्सचा, जिथे एका फ्लॅटमध्ये मदतनीस चोवीस तास हजर असतो आणि बाकी शेजारी नेहमीसारखे असतात. समर फाउंडेशन या मेलबर्नच्या संस्थेने २०१३ च्या सुमारास ॲबट्सफर्डमध्ये असे दोन फ्लॅट उभे करून हे जमते हे दाखवले. ही संस्था २००६ मध्ये डॉ. डाय विंकलर यांनी स्थापन केली. त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. रिकामी घरे शोधण्यासाठी ‘हाउसिंग हब’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. एसडीएच्या घरासाठी भाडे म्हणून अपंगत्व पेन्शनच्या मूळ रकमेच्या २५ टक्के आणि मिळणारा भाडेभत्ता एवढेच द्यावे लागते. पत्नी आणि मुलांसह अशा घरात राहता येते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना कुणी सांगतच नाही. भावजयींनी स्वतःच्या घरी न्यायचे ठरवले तर घरातल्या बदलांसाठी आणि येणाऱ्या मदतनिसांसाठीही निधी मागता येतो. घरच्या माणसाला काळजीचे पैसे देणे मात्र ही योजना सहसा मान्य करत नाही. घर देणारी संस्था आणि मदतनीस पुरवणारी संस्था शक्यतो वेगळी ठेवा, म्हणजे मदतनिसांशी बिनसले तरी घर सुटणार नाही.

सुरक्षिततेची भीती वाटणे योग्यच आहे, आणि ती कमी करण्याचा मार्ग म्हणजे थोडे थोडे करून पाहणे. केंद्रातल्या रहिवाशाला वर्षात ५२ दिवसांपर्यंत बाहेर राहण्याची रजा घेता येते. त्यात आधी एक दुपार, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार असे करता येते. घर ठरले आहे पण तयार नाही, अशा वेळी ९० दिवसांपर्यंतच्या मध्यमकालीन निवासासाठीही निधी मिळू शकतो.

साताऱ्याला आणण्याविषयी माझे मत विचारले म्हणून स्पष्ट सांगते. कायमचे आणल्यास एनडीआयएसची मदत तिथे येत नाही, आणि मुलांपासून ते दूर होतील. त्यांनी स्वतः तसे मागितले तर विचार जरूर करावा. पण दुसरा मार्गच नाही असे समजून तसे करू नये.

अर्ज नामंजूर झाला तर निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत फेरतपासणी मागावी, आणि तीही विरुद्ध गेली तर २८ दिवसांच्या आत प्रशासकीय फेरविचार न्यायाधिकरणाकडे जाता येते. या कामात मदत करणारे विनामूल्य अपंगत्व-ॲडव्होकेट, म्हणजे दिव्यांगांची बाजू मांडणारे मदतनीस, आहेत. भावजयींनी पहिल्या नकारानंतर थांबून न राहता त्यांना लगेच गाठावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा वृद्धसेवा कायदा लागू झाला आहे आणि त्यानुसार, ५० च्या पुढचे आदिवासी आणि बेघर लोक असे अपवाद वगळता, ६५ पेक्षा कमी वयाच्या व्यक्तीला आता या केंद्रांत प्रवेश मिळत नाही. आधीपासून राहणाऱ्यांना कुणी बाहेर काढत नाही, त्यामुळे तयारीला वेळ मिळेल. परंतु एकदा सोडलेली जागा परत मिळेल असे गृहीत धरता येणार नाही. म्हणून नव्या मदतनिसांनी केंद्रात येऊन बंधूंना उचलण्याची, भरवण्याची आणि त्या वहीतून बोलण्याची पद्धत शिकून घेतलेली असावी, घरी येणारा नवा डॉक्टर ठरलेला असावा, आणि पहिल्या दोन आठवड्यांचे कामाचे वेळापत्रक नावांसकट भावजयींच्या हातात असावे. केंद्राला जागा सोडत असल्याचे पत्र त्यानंतरच द्यावे.