१० किमीला ६८ मिनिटं लागतात, प्लॅनमधले १६०० मीटरचे ५ थ्रेशोल्ड इंटरव्हल तिसऱ्यानंतर जमतच नाहीत, काय बदलू?

अंतर बघणं सोडा आणि मिनिटं बघा, तुमच्या पायांचा यात काही दोष नाही. १६०० चे ५ म्हणजे ८ किमी. ४ च्या पेसने, म्हणजे किमीला ४ मिनिटं घेत, पळणारा ते ३२ मिनिटांत उरकतो. तुमच्या टाइमवरून थ्रेशोल्ड पेस साधारण ६:४५ धरू, त्या पेसने तेच ८ किमी ५४ मिनिटं चालतं. आणि थ्रेशोल्ड पेस म्हणजे रेसमध्ये जोर लावून तासभर जेमतेम टिकेल तो, म्हणजे तुम्ही वर्कआउट म्हणून जवळजवळ अख्खी रेसच पळताय!

मी पण सुरुवातीला एका फास्ट मित्राचा प्लॅन जसाच्या तसा उचलला होता, मंगळवारी इंटरव्हल केले की गुरुवारपर्यंत जिना उतरताना कठड्याला धरायला लागायचं, आणि मला वाटायचं आपला स्टॅमिनाच कमी.

जॅक डॅनियल्स या कोचचा हिशोब मला सगळ्यात पटला. एका सेशनमधलं थ्रेशोल्ड रनिंग आठवड्याच्या एकूण अंतराच्या १० टक्क्यांच्या आत, आणि दर ५ मिनिटांमागे १ मिनिट रेस्ट. तुमचं आठवड्याचं ३० किमी होत असेल तर वाट्याला ३ किमी येतं, म्हणजे ५-५ मिनिटांचे ४ रिपीट (मध्ये रेस्ट घेत पळायचे तुकडे). ट्रॅक असेल तर ८०० मीटरचे ४ चालतील, एकेक ५:२४ ला यायला हवा. मधल्या मिनिटात जॉग जमत नसेल तर सरळ चाला, काही बिघडत नाही. आठवड्याचं अंतर वाढलं की मग ६ मिनिटांचे ४ करा, पेस तोच ठेवून.

पहिला रिपीट हमखास जोरात जातो, पाय ताजे असतात ना, ६:२० दिसतं आणि बरं वाटतं, पण त्याची वसुली तिसऱ्यात होते. म्हणून पहिला मुद्दाम ६:५० ला ठेवा. घड्याळातला चालू पेस सारखा उड्या मारतो, स्क्रीनवर लॅपचा ॲव्हरेज पेस लावून घ्या. पळताना तीन-चार शब्द बोलता आले पाहिजेत, अख्खं वाक्य आलं तर हळू पळताय आणि एक शब्दही निघत नसेल तर फास्ट. ऊन किंवा चढ असेल त्या दिवशी आकडा विसरा, फक्त श्वासावर चाला.

चौथा संपल्यावर अजून एक निघाला असता असं वाटलं तर पेस बरोबर आहे. ६-८ आठवड्यांनी एकदा १० किमी जोर लावून पळा आणि त्या टाइमवरून नवा पेस काढा, तोपर्यंत ६:४५ ला हात लावू नका.