पाणी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हवामान बदलासह सगळ्या शाखा एकत्र कशा शिकवाव्यात?

तुमच्या महाविद्यालयात असा अभ्यासक्रम सुरू होतोय, स्थापत्य, भूशास्त्र, कृषी आणि समाजशास्त्राची मुलं एकाच वर्गात येणार आहेत आणि प्रत्येक शाखेचा एकेक पेपर ठेवला की पुरे का, असं तुम्ही विचारलंय. मी अशा मुलांना मराठवाड्यात क्षेत्रकामाला नेतो, त्या अनुभवावरून सांगतो: पुरत नाही. मुलं सगळे पेपर पास होतात आणि गावात उतरली की पुन्हा आपापल्या शाखेच्या चष्म्यातून बघायला लागतात. त्यापेक्षा त्यांना एक गाव द्या, त्या गावाच्या पाण्याचा एकच ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं, किती वापरलं आणि किती उरलं याचा हिशोब, मांडायला सांगा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

उदाहरण शेततळ्याचं घेतो, कारण ते आता गावोगाव आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, एकास एक उताराचं तळं. स्थापत्यवाला पाच मिनिटांत सांगतो, यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे २२ लाख लिटर. मग भूशास्त्राची मुलगी विचारते, हे पाणी आलं कुठून? तळ्याला प्लास्टिकचं अस्तर आहे आणि शेजारच्या विहिरीवरून पाइप आलाय. म्हणजे ओढ्याचं वाहून जाणारं पाणी अडवलेलं नाही, जमिनीखालचं पाणी उपसून उघड्यावर आणून ठेवलंय. आपल्या झिजलेल्या, सच्छिद्र बसाल्टमध्ये विशिष्ट उपज, म्हणजे पाण्यानं भरलेल्या खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी उपसून मिळतं ते प्रमाण, साधारण २ टक्के धरतात. त्या हिशोबानं एका हेक्टरखाली पातळी १ मीटर उतरली, तर हाती येतं २०० घनमीटर. नवी भर पडत नसताना हे एक तळं भरायचं, तर ११ हेक्टरखालची पातळी मीटरभर उतरायला हवी.

इथून पुढे सगळेच कामाला लागतात. ते ११ हेक्टर कोणाचे? त्यात किती विहिरी, आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्यात येते का? कृषीचा विद्यार्थी सांगतो, एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी भरलेल्या तळ्यावरून रोज ७,००० लिटर उडून जातात. पण डाळिंबाची बाग जगवायला त्या शेतकऱ्याकडे दुसरा मार्गही नसतो, हे तोच सांगतो. कायदा वाचणाऱ्याला १८८२ चा ईझमेंट कायदा सापडतो, जो जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत खालचं पाणी उपसायचा हक्क देतो, आणि त्याच्यासमोर भूजल उपशाचं नियमन करणारा महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम ठेवावा लागतो. इतके सगळे प्रश्न एका तळ्यावर उभे राहतात. कोणत्याही एका पेपरात ते एकत्र येत नाहीत.

माहिती कशी विचारायची, यावर मी फार वेळ घालवतो. ‘वर्षाला किती पाणी उपसता?’ याला शेतकरी काय उत्तर देणार? मोटर किती एचपीची, दिवाळीनंतर किती तास चालते, किती तासांनी विहीर तळाला जाते, पुन्हा भरायला किती वेळ लागतो, हे विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. विहीर खोदताना मुरूम कुठे संपला आणि काळा पाषाण कुठे लागला, हेही तोच सांगतो. समाजशास्त्राच्या मुलांना हे पटकन जमतं, म्हणून अभियंत्यांना मी मुद्दाम त्यांच्या जोडीला देतो. हंड्यासाठी किती वाजता उठावं लागतं, हे मात्र बायकांनाच विचारावं लागतं, आणि तेही घरातल्या पुरुषांसमोर नाही.

आता हवामान बदल. तो शेवटच्या प्रकरणासारखा वेगळा शिकवू नका, ताळेबंदातच घाला. आपले सिंचन प्रकल्प साधारण ७५ टक्के विश्वासार्हतेच्या येव्यावर, म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षं तरी नदीतून येईल इतक्या पाण्यावर, आखले जातात, आणि तो आकडा जुन्या नोंदींतून येतो. पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल, हे त्यात गृहीत असतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीनं वाढली. वर्षाची बेरीज ६०० मिलिमीटरच राहिली, पण ती थोड्याच दिवसांत कोसळली, तर पाणी मुरतं कमी आणि वाहतं जास्त. म्हणून ताळेबंद वर्षाचा न मांडता दिवसागणिक मांडायला लावा. हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या नोंदी १९०१ पासून उपलब्ध आहेत. तोच पाऊस निम्म्या दिवसांत टाकून गणित पुन्हा करू द्या. विहिरी केव्हा आटतात, ते मुलांनाच दिसेल.

नमुने शोधायला फार लांब जायला नको. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात एम.टेक.च्या मुलांना गावात राहून काम करावं लागतं, आणि पोकरा या राज्य सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद आयआयटी मुंबईनंच तयार केला. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही संस्था भूजलाचं शिक्षण गावकऱ्यांपर्यंत नेते.

तुमच्याकडे खरी अडचण येईल ती मूल्यमापनात. एकत्र काम करायला लावायचं आणि गुण आपापल्या विभागानं द्यायचे, असं झालं की मुलं लगेच वेगळी होतात. प्रबंधाला दोन शाखांचे मार्गदर्शक आणि परीक्षकही दोन शाखांचे, हे विद्यापीठाकडून आधीच लेखी मंजूर करून घ्या. आणि क्षेत्रकाम एकाच फेरीत उरकू नका. ऑक्टोबरमध्ये ज्या विहिरींची पातळी मोजली, त्याच विहिरींवर त्याच मुलांना मे महिन्यात पुन्हा न्या, आणि मग ताळेबंद ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. आकडा चुकला असेल, तर तिथले लोक तोंडावर सांगतात.