झाड वाळलं तर बुंध्याशी वाक

भावा, ऑस्ट्रेलियन बाभळीचं एखादंच झाड वाळलं तर फार डोकं लावू नकोस. पण त्याला लागून दुसरं, तिसरं असं वाळत चाललं, तर गॅनोडर्मा बुरशीचा संशय घे. आजरा-चंदगडाकडं पावसाळ्यात बुंध्याशी बघ. तांबूस, वार्निश मारल्यागत चकाकणारी, पांढऱ्या काठाची छत्री दिसली तर रोग बराच आत गेलाय समज. छत्री नसली तरी कुदळीनं एखादं मूळ उघडं कर. साल हाताला सुटून आली आणि आतलं लाकूड पांढरं, मऊ लागलं, तर मूळकूजच. शेंड्यावर औषध मारायला सांगणारे भेटतील. तो पैसा वाया. जुने बुडखे मुळासकट काढ. वाळलेल्यांच्या पुढची एक ओळ आत धरून 60 सेंमी खोल चर मार, कारण ही बुरशी मुळाला मूळ लागून पुढं सरकते.