चेक इंजिन लाईट लागलाय, स्कॅनरवर पी०१७१ आलाय, मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का?

लगेच नका बदलू. पी०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतीय, एवढंच इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगतोय आणि हे त्याला कळलंय सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडूनच. म्हणजे बऱ्याचदा सेन्सर नीट काम करतोय म्हणूनच कोड आलेला असतो आणि आपण त्यालाच काढून टाकतो. मी गॅरेजमध्ये स्कॅनिंग आणि वायरिंगचंच काम करतो, नवीन सेन्सर टाकून चार दिवसात तोच लाईट घेऊन आलेली माणसं बघितली की खरंच वाईट वाटतं, पैसे गेलेले असतात आणि फॉल्ट आहे तिथंच.

आधी एक करा, कोड कुणाला डिलीट करू देऊ नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम सेव्ह असते, म्हणजे लाईट लागला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती गरम, लोड किती, स्पीड किती. कोड उडवला की हे पण गेलं. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण सिग्नलला उभं असताना लागलेला लाईट आणि हायवेला चढावर लागलेला लाईट यांची कारणं वेगळी असतात.

मग स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (आत्ताचा) आणि लाँग टर्म (शिकून धरलेला), दोन्हीची बेरीज करायची. इंजिन गरम झाल्यावर साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. तुमच्याकडे अधिक २०-२५ दिसेल. आता आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू ठेवून, बघा आणि मग २५०० आरपीएमला धरून बघा. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर कुठून तरी चोरून हवा शिरतीय, म्हणजे व्हॅक्यूम लीक. उलट लोडवर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर, पंपाचं प्रेशर, इंजेक्टर, किंवा आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर घाण झालाय. हा हिशोब एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीचा. हवेऐवजी मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत लीक ट्रिमवर इतका स्पष्ट दिसत नाही, तिथे आयडलच चढलेलं राहतं.

लीक शोधताना वरवर बघून भागत नाही. मध्यंतरी एका गाडीत पीसीव्हीचा पाइप (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकला नेणारा) वरून एकदम चांगला दिसत होता, वळणाच्या खालच्या बाजूला बोट लावून वाकवला तेव्हा नखाएवढी चीर उघडली आणि इंजिनचा आवाज बदलला. तेवढा पाइप बदलला, ट्रिम जागेवर. पावसाळ्यात उंदीर पण पाइप आणि वायरी कुरतडतात, बॅटरीच्या ट्रेखाली बघाच. आणि गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर कोड फक्त गॅसवर येतो की पेट्रोलवर पण हे आधी तपासा, गॅसचं ट्युनिंग बिघडलं तरी हाच कोड येतो.

ऑक्सिजन सेन्सरवर संशयच असेल तर त्याचीही टेस्ट आहे. साधा सेन्सर असेल तर गरम इंजिनवर व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली होतं, एकदम ॲक्सिलरेटर दिला की झटकन ०.८ च्या वर जायला पाहिजे. गेलं तर सेन्सर जिवंत आहे. एअर फ्युएल रेशो सेन्सर (ऑक्सिजन सेन्सरचाच वेगळा प्रकार) असलेल्या गाडीला हे आकडे लागू नाहीत. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जॉइंट लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरला खोटं लीन दिसतं, तिथे काळी काजळी दिसते का बघा.

लाईट नुसता लागलेला असेल तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. पण तो ब्लिंक व्हायला लागला तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट, तेव्हा गाडी बाजूला घ्या.

गाडी कोणती, सीएनजी आहे का आणि आयडल आणि २५०० चे ट्रिमचे आकडे कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगतो.