वर्गातले सत्य आणि वर्गातला न्याय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. पन्हाळ्याच्या सहलीसाठी एका मुलीने आणलेले दोनशे रुपये मधल्या सुट्टीत तिच्या दप्तरातून गेले. साखर कारखान्याच्या हंगामासाठी आलेल्या ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा नुकताच वर्गात बसू लागला होता, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर गेला. प्रत्यक्षात पैसे गावातल्याच एका मुलाने घेतले होते. दुसऱ्या एकाने मला ते हळूच सांगितले. मी त्या मुलाला एकट्याला गाठून विचारले, तेव्हा त्याने रडत पैसे परत दिले. वर्गाला मात्र मी सांगितले की पैसे माझ्याच टेबलाच्या खणात सापडले. परिपाठात खरे बोलण्याविषयी सांगणाऱ्या शिक्षिकेने असे करणे योग्य होते का? — एक शिक्षिका

उत्तर : त्या मुलाला आपण वर्गासमोर उभे केले नाही, हे योग्यच झाले. लहान गावात ‘चोर’ हे नाव एकदा चिकटले की ते शाळा सुटेपर्यंत पाठ सोडत नाही, आणि दोनशे रुपयांच्या अपराधाला इतकी लांब शिक्षा कोणत्याच न्यायात बसत नाही. मात्र त्याला वाचवण्यासाठी खोटे बोलण्याची आवश्यकता नव्हती. ‘पैसे परत मिळाले आहेत. कसे मिळाले ते मी सांगणार नाही, कारण तुमच्यापैकी कोणाचीही चूक झाली असती तरी मी ती अशीच झाकली असती,’ एवढे आपण म्हणू शकला असता. चौथीच्या मुलांना हे समजते. उद्या आपल्यावर तशी वेळ आली तर बाई आपल्यालाही सांभाळून घेतील, हा हिशेब ती लगेच करतात.

खणाच्या गोष्टीची खरी अडचण अशी की ती खोटी आहे हे वर्गातल्या दोन मुलांना ठाऊक आहे : ज्याने पैसे घेतले तो आणि ज्याने आपल्याला सांगितले तो. परिपाठातल्या सुविचारापेक्षा या दोघांना तो खणच अधिक काळ लक्षात राहील.

याहून मोठा प्रश्न ऊसतोड कुटुंबातल्या मुलाचा आहे, आणि आपल्या पत्रात त्याच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आहे. पैसे खणातच होते असे ठरल्यावर तो निर्दोष सुटला खरा, परंतु त्याच्यावर विनाकारण आळ घेतला गेला, याची नोंद कोणीच घेतली नाही. कोणाचीच चूक नव्हती असा निकाल लागला आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळला. करवीर संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा आदेश काढला. एकाच बाकावर बसवणे आदेशाने साधते. हंगाम संपला की जाणारा, वेगळ्या बोलीचा, खोपीत राहणारा मुलगाच चोर असणार, हा तर्क मात्र त्या बाकावर बसूनही करता येतो आणि तो खोडून काढण्याचे काम शिक्षकाकडे उरते. आळ सर्वांसमोर आला होता, म्हणून तो सर्वांसमोरच दूर झाला पाहिजे. ‘त्या दिवशी आपण पुराव्यावाचून एका मुलाचे नाव घेतले. त्याने काहीही केलेले नव्हते,’ असे आपण आजही सांगू शकता. त्यावर ‘मग कोणी केले?’ असा प्रश्न येईलच. तो येऊ द्यावा आणि उत्तर देण्यास शांतपणे नकार द्यावा. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ते कुटुंब गावी परतण्यापूर्वी हे व्हायला हवे.

ज्याने पैसे घेतले त्याच्याशी आणखी एकदा बोलावे. त्याच्या घरून सहलीचे पैसे मिळालेच नव्हते, असे निघाले तर अपराध पुसला जात नाही, पण एक प्रश्न शाळेकडेही येतो : ज्या सहलीला वर्गातली काही मुले जाऊच शकत नाहीत, तिची वर्गणी सर्वांदेखत का गोळा केली जाते? त्या मुलीची माफी मागायची की नाही हे त्याच्यावर सोडावे, कारण सक्तीने मागवलेल्या माफीतून मुले माफीचे शब्द तेवढे शिकतात.

या घटनेवर वर्गात चर्चा घेऊ नये, दुसरी गोष्ट घ्यावी. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली एक जोडगोष्ट यासाठी उपयोगी पडेल. एका मुलाने दार उघडले आणि दारामागे आहे हे ठाऊक नसलेला ट्रे पडून पंधरा कप फुटले. दुसरा आई घरी नसताना मुरंबा काढायला कपाटाकडे चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. अधिक चूक कोणाची? लहान मुले बहुधा कप मोजतात, तर नऊ-दहा वर्षांची मुले हेतू पाहू लागतात. आपला वर्ग नेमका या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे उत्तरे दोन्ही प्रकारची येतील. बरोबर उत्तर सांगून मोकळे होण्याचा मोह टाळावा आणि ‘तुला असे का वाटते?’ हे प्रत्येकाला विचारावे. कप मोजणारा मुलगा मित्राचे उत्तर ऐकून जे शिकेल, ते बाईंचा निकाल ऐकून शिकणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका संध्याकाळी घरी त्याच वर्गातल्या मुलांची शिकवणी घेतात. शिकवणीला न जाणाऱ्या मुलांकडे वर्गात दुर्लक्ष होते, असे मुलगी सांगते. तक्रार करावी का? — एक पालक, राजारामपुरी

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे येथे फारशा नैतिक चर्चेला जागा नाही. प्रथम शिक्षिकेशी बोलावे, उपयोग न झाल्यास मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. मुलीचे नाव साक्षीदार म्हणून पुढे करू नये.

प्रश्न : नातवाच्या शाळेत एक तक्ता लावला आहे. टाय विसरला तरी लाल ठिपका मिळतो आणि कोणाला चिडवले तरी लाल ठिपकाच मिळतो. आमच्या वेळची छडी गेली हे चांगले झाले, पण हे काय आहे? — एक आजोबा, शाहूपुरी

उत्तर : छडी कायद्यानेही गेली आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते. चुकांची जाहीर यादी भिंतीवर टांगणे त्या छळापासून किती दूर आहे, हे शाळेने स्वतःला विचारायला हवे. कोल्हापुरातच लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि भीतीवाचून शिकवता येते हे वर्षानुवर्षे दाखवले. त्या शहरातल्या शाळेला असा तक्ता लागावा, याचे आश्चर्य वाटते.

आपली शंका मात्र ठिपक्यांच्या सारखेपणाविषयी आहे आणि ती रास्त आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट टुरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अगदी बालवाडीच्या वयाची मुलेही दोन प्रकारचे नियम वेगळे ओळखतात. बाईंनी परवानगी दिली तर गणवेशाशिवाय आलेले चालेल, असे ती म्हणतात. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलेले चालेल का, असे विचारले तर बहुतेक मुले नाही म्हणतात, कारण त्याला लागते. म्हणजे हा तक्ता मुलांना जे आधीच कळते तेच पुसून टाकतो आहे. नातवाला हे दोन प्रश्न आपणच विचारून पाहा आणि त्याची उत्तरे पुढच्या पालक सभेत मुख्याध्यापकांना सांगा. टायचा ठिपका काढून टाकायला शाळा बहुधा तयार होईल. चिडवण्याच्या ठिपक्याऐवजी ज्याला चिडवले त्याच्याशी कोणी बोलले का, हे विचारण्याचा आग्रह आपल्याला धरावा लागेल.