बॉश या चित्रकाराच्या 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' या चित्रातल्या घुबडांचा आणि अवाढव्य स्ट्रॉबेऱ्यांचा अर्थ काय? घुबड म्हणजे ज्ञान का?

नाही. आणि हे 'घुबड म्हणजे ज्ञान' वाचलं म्हणूनच लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचक आहे.

2016 साली, बॉशला जाऊन 500 वर्षं झाली म्हणून माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोठं प्रदर्शन होतं. आम्ही दोघं आणि साडू-मेहुणी. तीन फळ्यांचं, जवळजवळ चार मीटर रुंद चित्र, पुढे ही गर्दी. डाव्या फळीवर नंदनवन, त्यात गुलाबी कारंजं आहे, त्याच्या गोल भोकात घुबड बसलंय. साडूंनी बोट दाखवून जाहीर केलं, "ज्ञान! अथेनाचं घुबड."

अहो, अथेना ही ग्रीकांची ज्ञानदेवी. बॉश नेदरलँड्सचा, त्याच्या मुलखात तेव्हा घुबड म्हणजे मूर्खपणा, अंधारात रमणारं पाप. मी म्हटलं, गावाकडे चिंचेवर भरदिवसा पिंगळा दिसला की काय होतं? बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, सगळे कलकलाट करत त्याच्यावर धावून जातात. युरोपातले पारधी नेमकं हेच हेरून घुबड बांधून ठेवायचे आणि जमलेली पाखरं चिकट काड्यांवर धरायचे. म्हणजे घुबड हे आमिष, आणि ते नंदनवनाच्या मधोमध. मधल्या फळीत तर डाव्या कडेला पाण्यात एक नागडा इसम भल्या थोरल्या घुबडाला मिठी मारून आहे.

साडू म्हणाले, "बघा, ज्ञानाला कवटाळतोय." बायकोने मला तिथून हलवलं.

स्ट्रॉबेरीचं सोपं आहे, ती म्हणजे क्षणभराचं सुख. 1605 साली सिग्वेन्सा या स्पॅनिश संन्याशाने या चित्राबद्दल लिहून ठेवलंय की तिची चव आणि वास क्षणाचा, सरल्यावर आठवतही नाही. महाबळेश्वरहून पेटी घेऊन मुंबईला निघालेल्यांना हे काय सांगायचं! पनवेल येईतो खालचा थर पाणी सोडतो.

तेव्हा 'अमुक म्हणजे तमुक' छाप पुस्तकं ठेवा बाजूला. ते पाखरू, ते फळ रानात काय करतं ते आधी बघा, मग चित्रकाराचा मुलूख आणि काळ. साडूंचा दोष तोच, पुस्तक आधी उघडतात. (आणि बॉशला सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखी अतर्क्य चित्रं काढणाऱ्या पंथातला, म्हणू नका. त्या पंथाचा जाहीरनामा 1924चा.)

आता खरं सांगायचं तर बॉशचं एक पत्र, एक टिपणही उरलेलं नाही, त्यामुळे माझंही शेवटी अनुमानच. पारध्याचं घुबड मी काही एकट्याने शोधलेलं नाही, अभ्यासकही ते मांडतात. मधली फळी पापाची की निष्पाप सुखाची, यावर तेही भांडतात. उजव्या फळीतल्या नरकाबद्दल लिहायचं राहिलंच.

साडूंनी संग्रहालयाच्या दुकानातून घुबडाचं फ्रिज मॅग्नेट घेतलं. ते सध्या नातवाच्या कंपासपेटीवर आहे. दहावीचं वर्ष आहे ना.