सुगावा कोणी लपवत नाही: रहस्यमालिकांच्या चर्चेतले काही शब्द

प्रश्न असा आहे: 'रहस्यमालिकांबद्दल मराठीत लिहिताना फॅन थिअरीला, म्हणजे रहस्य काय असेल याबद्दल चाहत्यांनी केलेल्या मांडणीला, "चाहत्यांचा सिद्धांत" म्हणणे बरोबर आहे का? आणि क्लू या शब्दासाठी सुगावा, धागा, दुवा, पुरावा यांतला नेमका कोणता घ्यावा? "दिग्दर्शकाने प्रत्येक भागात सुगावे लपवले आहेत" हे वाक्य कानाला खटकते, पण का खटकते ते सांगता येत नाही.'

खटकण्याचे कारण क्रियापदात आहे. सुगावा लागतो. पोलिसांना लागतो, घरच्यांना लागतो, कोणालाही लागू नये म्हणून माणसे रातोरात निघून जातात. पण सुगावा कोणी ठेवत नाही, पेरत नाही, लपवत तर नाहीच. हा शोधणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. कोणाला तरी काहीतरी कळले, की त्या कळण्याला सुगावा म्हणायचे. अजून कोणालाच न लागलेला सुगावा म्हणजे अजून कोणालाच न आलेला संशय. अशी वस्तू दिग्दर्शक कुठे लपवणार?

क्लू ठेवताही येतो आणि सापडतोही, म्हणून इंग्रजीत एका शब्दावर भागते. मराठीने हे काम चार-पाच शब्दांत वाटून दिले आहे आणि रहस्यमालिकेच्या चर्चेला ही वाटणी फार सोयीची पडते. कारण तिथे एकच वस्तू दोन पातळ्यांवर वावरत असते. खुन्याच्या कोटाचे तुटलेले बटण जिन्यात पडले आहे. खुन्याच्या दृष्टीने तो निष्काळजीपणा आहे. बटण तिथे पाडणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने त्यात निष्काळजीपणाचा लवलेशही नाही. गोष्टीतल्या तपास अधिकाऱ्याला त्यावरून सुगावा लागतो. प्रेक्षकाला तो त्याच्या आधी लागला, तर प्रेक्षक खूश होतो. चौघांचे नाते वेगवेगळे, मग एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

त्या बटणाला, म्हणजे प्रत्यक्ष वस्तूला, माझ्या मते 'खूण' म्हणावे. साधा शब्द आहे, पण सगळ्या बाजूंनी चालतो: खूण ठेवता येते, राहून जाते, पुसता येते, दिसते, आणि शेवटी पटते. हे 'खूण पटणे' रहस्यकथेला फारच शोभते. मुद्दाम ठेवली आहे हे सांगायचे असेल तर 'पेरलेली खूण'. 'दिग्दर्शकाने प्रत्येक भागात खुणा पेरल्या आहेत' हे वाक्य वाचून पाहा, खटकत नाही. (अनेकवचनात 'खुणा' ऱ्हस्व. 'खूणा' असे मथळ्यांतसुद्धा दिसते.)

'धागेदोरे' हा बातम्यांतला शब्द. तो कायम अनेकवचनात आणि बहुतेक वेळा पोलिसांच्याच हाती लागतो. एक धागा सापडला असे म्हणता येते, एक दोरा सापडला म्हटले की शिवणकाम सुरू होते. गंमत म्हणजे क्लू हा शब्दही मुळात सुताच्या गुंड्याचाच. ग्रीक कथेत चक्रव्यूहातून बाहेर पडता यावे म्हणून आरिअ‍ॅडनी थीसिअसला सूत देते, त्या गुंड्याचे जुने इंग्रजी नाव पुढे 'वाट दाखवणारी गोष्ट' या अर्थाने रूढ झाले. तरी क्लू आणि धागेदोरे सरसकट एकमेकांचे बदली खेळाडू म्हणून वापरू नयेत. धागेदोरे एकमेकांना जोडायचे असतात. खूण एकटी असू शकते.

दुवा म्हणजे दोन गोष्टींमधली जोड. तिसऱ्या भागातले पत्र आणि सातव्या भागातला फोन यांत काय दुवा आहे, असे विचारावे. पुरावा फार पुढचा टप्पा आहे, तो निवाड्याच्या वेळी लागतो. मागमूस आणि थांगपत्ता हे दोघे मात्र नकाराशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मागमूस 'नसतो', थांगपत्ता 'लागत नाही'. 'प्रेक्षकांना थांगपत्ता लागला' असे कोणी लिहिले तर व्याकरण चुकत नाही, पण वाक्य अर्धवट वाटते.

पेरणीचे रूपक मी आत्ता जुळवलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथानक पुढे नेणारे घटक, सांगितल्या आहेत: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. त्यांतल्या बीजाचे वर्णन असे की सुरुवातीला ते अगदी थोडेसे टाकलेले असते आणि पुढे अनेक अंगांनी पसरत जाते. पहिल्या भागात सहज बोलून टाकलेले आणि दहाव्या भागात अंगावर येणारे वाक्य याहून वेगळे काय असते? तेव्हा पुढच्या घटनेच्या आगाऊ चाहुलीला 'बीज' म्हणायला काहीच हरकत नाही.

त्याच ग्रंथात 'पताकास्थानक' अशी एक युक्ती आहे. तिचे चार प्रकार सांगितले आहेत. एका हेतूने उच्चारलेले शब्द भलत्याच, होऊ घातलेल्या गोष्टीला चपखल बसतात, असा तिचा साधारण अर्थ. भट्टनारायणाच्या वेणीसंहार नाटकाच्या दुसऱ्या अंकात याचा झणझणीत नमुना आहे. दुर्योधन आपल्या पत्नीशी, भानुमतीशी, लाडात बोलतो आहे. तुला बसायला माझ्या मांड्या आहेत की, असे तो म्हणतो न म्हणतो तोच कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा सेवक, धावत येतो आणि ओरडतो: 'भग्नं भग्नम्!' मोडले, मोडले. कोणी मोडले? 'भीमेन.' कोणाचे? 'भवतः', तुमचेच. प्रेक्षक गारठतो. मग खुलासा होतो की भीम म्हणजे भयंकर अशा वाऱ्याने महाराजांच्या रथाचा ध्वज मोडला आहे. बातमी ध्वजाची, पण ऐकू आली ती मांडीची.

फरक एवढाच की वेणीसंहाराच्या प्रेक्षकाला महाभारत पाठ आहे. भीम काय मोडणार हे त्याला ठाऊक आहे, म्हणून शब्द कानावर पडताच काटा येतो. रहस्यमालिकेच्या प्रेक्षकाला शेवट माहीत नसतो, त्यामुळे तसलेच वाक्य पहिल्या वेळी कानाआड जाते. सगळी मालिका संपवून पुन्हा पहिल्यापासून बघायला बसलो की मात्र तेच वाक्य पताकास्थानक होते. दुसऱ्यांदा बघताना जे काटे येतात त्यांना आपल्याकडे इतके जुने नाव आहे आणि ते वापरात नाही, याची मला हळहळ वाटते. शब्द लांबलचक आहे हे मान्य. पण 'सिनेमॅटोग्राफी' म्हणणाऱ्यांनी तरी त्याबद्दल कुरकुर करू नये.

आता सिद्धांताकडे. 'चाहत्यांचा सिद्धांत' हे मला पटत नाही. सिद्धांत म्हणजे ज्याच्या शेवटी काही सिद्ध झालेले असते ते. विज्ञानातल्या थिअरीला सिद्धांत म्हणतात, कारण ती कसोट्यांतून तावून सुलाखून निघालेली असते. चाहत्यांची थिअरी याच्या बरोबर उलट, अजून काहीच सिद्ध झालेले नाही अशा अवस्थेत जन्मते आणि तिचे सगळे आयुष्य त्याच अवस्थेत जाते. खरी निघाली तर ती थिअरी राहतच नाही, कथानक होते. खोटी निघाली तर विसरली जाते. सिद्धांत व्हायची संधीच तिला मिळत नाही.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, गौतमाने सोळा पदार्थ (म्हणजे विचाराचे विषय) मोजले आहेत. त्यात 'तर्क' आणि त्याच्या पाठोपाठ लगेच 'निर्णय' येतो. तर्काची व्याख्या अशी: ज्या गोष्टीचे खरे रूप अजून कळलेले नाही, तिच्याविषयी कारणे जुळवून केलेली कल्पना. मालिकेचे तीन भाग बाकी असताना रात्री दोनपर्यंत जागून लोक जे करतात त्याचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे सापडलेले नाही. (निर्णयानंतर त्या यादीत वाद, जल्प आणि वितंडा येतात. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी घातलेला वाद. वितंडा म्हणजे स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे फक्त खोडणे. चाहत्यांच्या चर्चा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना उदाहरणे द्यायला नकोत.)

म्हणून शब्द 'तर्क' हाच. 'चाहत्यांचा तर्क असा आहे की...' हे वाक्य मराठीत सहज बसते. सगळ्या खुणांचा उलगडा करणारी, पानभर लांबीची मांडणी असेल तर 'उपपत्ती' म्हणावे. फारसा आधार नसेल तर 'अटकळ', आणि ती बांधायची. 'कयास' आणि 'आडाखा'ही चालतील, पण आडाख्याला थोडा हिशेबाचा, अनुभवाचा वास आहे: मागच्या दोन हंगामांत पाचव्या भागात कोणी ना कोणी मेले, म्हणून याही वेळी मरणार, हा आडाखा. पुराव्याकडे पाठ फिरवून स्वतःचेच खरे करणारा जो प्रकार असतो तो 'तर्कट'. हा शब्द जपून वापरावा, लोक दुखावतात. खुणा असतात पण त्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, तेव्हा 'बादरायण संबंध' आहेच: तुमच्या दारात बोरीचे झाड, आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, म्हणून आपण नातेवाईक. एकाच खुणेवरून अख्खा शेवट सांगणाऱ्यांनी तर 'सुतावरून स्वर्ग' गाठलेला असतो.

हे सगळे शब्द एकत्र चालवून पाहू. पुढच्या परिच्छेदात 'वेस्टवर्ल्ड'च्या पहिल्या हंगामातले रहस्य उघड केले आहे, ज्यांना पाहायचे आहे त्यांनी तो गाळावा.

ही मालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली. यंत्रमानवांनी भरलेले एक मनोरंजन उद्यान, तिथे येणारा विल्यम नावाचा भिडस्त तरुण आणि काळ्या कपड्यातला एक निर्दय म्हातारा. काही प्रसंगांत उद्यानाचे बोधचिन्ह वेगळे, जुन्या धाटणीचे दिसते. ही पेरलेली खूण. काही प्रेक्षकांच्या ती नजरेत भरली आणि त्यांना सुगावा लागला की आपण एकच काळ बघत नाही. यंत्रमानव म्हातारे होत नाहीत, त्यामुळे काळाचा फरक त्यांच्या चेहऱ्यावरून कळणार नाही, हा दुवा जोडला गेला. विल्यम आणि तो म्हातारा एकच, हा तर्क हंगाम अर्धवट असतानाच मांडला गेला होता. डिसेंबरमधल्या शेवटच्या भागाने त्यावर शिक्कामोर्तब केले. यात 'सिद्धांत' कुठेच लागला नाही.

उलटही घडते. पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट पेरलेली नसते. एका दृश्यात भरलेला पेला पुढच्या दृश्यात रिकामा असतो, कारण मध्ये चहाची सुट्टी झालेली असते. चाहते मात्र त्यातून विषप्रयोग शोधून काढतात. याला आपल्याकडे 'घुणाक्षरन्याय' म्हणतात: घुण नावाचा किडा लाकूड कोरत जातो, त्या रेघांतून कधी एखादे अक्षर उमटल्यासारखे दिसते, पण किड्याला लिहायचे नव्हते.

पण या न्यायालाही एकदा चकवले गेले आहे. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या 'ट्विन पीक्स'चा पहिला भाग एप्रिल १९९० मध्ये दाखवला गेला. त्याच्या चित्रीकरणात फ्रँक सिल्व्हा नावाचे गृहस्थ सेट सजवण्याच्या कामावर होते. मृत मुलीची आई किंचाळत उठते त्या दृश्यात त्यांचे प्रतिबिंब मागच्या आरशात चुकून आले. दृश्य पुन्हा घ्यावे लागेल, असे कॅमेऱ्यामागून सांगण्यात आले. लिंचनी विचारले, आरशात कोण दिसले? फ्रँक, असे उत्तर आल्यावर त्यांनी ते दृश्य तसेच ठेवले आणि पुढे सिल्व्हा यांनाच त्या मालिकेतल्या सैतानी बॉबची भूमिका दिली. म्हणजे अक्षर उमटले अपघाताने, आणि लेखकाने ते वाचून त्यावरून पुढचे पान लिहिले. ही खूण पेरलेली म्हणायची की उगवलेली? मी 'उगवलेली' म्हणेन.

प्रश्नात नसले तरी 'रेड हेरिंग'बद्दल, म्हणजे प्रेक्षकाला भलतीकडे नेणाऱ्या खोट्या खुणेबद्दल, सांगितलेच पाहिजे, कारण त्याचे शब्दशः केलेले 'लाल मासा' हे भाषांतर लोक वाचतात आणि पुढचे दहा भाग माशाची वाट पाहतात. इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट यांनी १८०७ मध्ये लिहिलेल्या किश्श्यात सशामागे लागलेल्या शिकारी कुत्र्यांना धुरावलेल्या माशाच्या वासाने भलतीकडे नेलेले आहे. त्या माशाला मराठीत काहीच अर्थ नाही. आपला शब्द 'चकवा'. रानात वाटसरूला चकवा लागतो आणि तो फिरून फिरून त्याच जागी येतो. तो लागतोही आणि देताही येतो, म्हणजे सुगाव्याची अडचण इथे नाही: लेखक चकवा देतो, प्रेक्षकाला चकवा लागतो. क्षणभरच फसवायचे असेल तर 'हूल' पुरे.

स्पॉयलरला, म्हणजे रहस्य आधीच सांगून टाकण्याला, 'रसभंग' चांगला आहे, विशेषतः इशारा देताना: 'पुढे रसभंग आहे.' कोणी मुद्दाम केला असेल तर 'बिंग फोडले' किंवा सरळ 'पेपर फोडला'.

राहता राहिले बोलण्यातले. मित्रांशी बोलताना थिअरी आणि क्लू म्हणायला माझी काहीच ना नाही, दोन्ही शब्द मराठी व्याकरणात मुरले आहेत. थिअरी स्त्रीलिंगी, तिचे अनेकवचन 'थिअऱ्या' असे आपोआप होते, आणि 'थिअरीज' लिहायची गरज नाही. क्लू पुल्लिंगी, 'तो क्लू, ते क्लू'. 'ती क्लू'ही ऐकू येते, बहुधा खूण मनात असते म्हणून.